चूक समोरच्याची, मग क्लेम माझ्या पॉलिसीवर का?

ठाण्यात घोडबंदर रोडला सिग्नलवर उभ्या असलेल्या गाडीला मागून टेम्पोने ठोकलं की गाडीवाल्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आता ह्याच्या इन्शुरन्सकडून वसूल करतो." न्यायाने बघितलं तर बरोबरच आहे, पण आपल्याकडे तसा सरळ रस्ता नाही. टेम्पोच्या विमा कंपनीला तुम्ही फोन लावलात तर ते तुमच्या गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम नोंदवून घेत नाहीत, कारण तुम्ही त्यांचे ग्राहक नाही. त्या कंपनीकडून भरपाई मिळवायची ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून, म्हणजे कोर्टाच्या वाटेने. त्याला महिने नाही, वर्षं लागतात.

दुसरीकडे तुमच्या स्वतःच्या पॉलिसीतला ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आहे. तो चूक कोणाची हे विचारतच नाही. तुमची असो, टेम्पोवाल्याची असो, कागद नीट असतील तर दुरुस्तीचे पैसे मिळतात. बदल्यात एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे प्रीमियमवरची सूट) जातो, आणि इथेच लोक चिडतात. पण तो बोनस क्लेम न केल्याबद्दल असतो. गाडी सांभाळून चालवल्याबद्दल नसतो.

म्हणून पहिल्यापासून दोन हिशेब वेगळे ठेवायचे. गाडी दुरुस्त कुठून करायची, हा आकडेमोडीचा प्रश्न. चूक त्याची होती हे सिद्ध करता येईल असे कागद जमवणं, हा पुराव्याचा प्रश्न. रागाच्या भरात दोन्हींची सरमिसळ झाली की दोन्हीकडे नुकसान होतं.

गाड्या हलवण्याआधी

पाम बीच रोड किंवा सायन-पनवेल हायवेवर मधल्या लेनमध्ये उभं राहून फोटो काढणं हा दुसऱ्या अपघाताला निमंत्रण देण्याचा प्रकार आहे. हॅझर्ड लाइट लावा, रस्त्याच्या कडेला या, तिथून दोन्ही गाड्या एकाच चौकटीत येतील असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या आणि मग गाड्या बाजूला करा. गाड्या कुठे कशा थांबल्या हे एकदा टिपलं की पुढचं सगळं बाजूला उभं राहून करता येतं.

फोटोत जागा ओळखू आली पाहिजे. नुसता चेपलेला बंपर कुठलाही असू शकतो. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या खांबावरचा नंबर, ठाणे-बेलापूर रोडवर कंपनीचं गेट, हायवेवर दिशादर्शक फलक असं काहीतरी मागे दिसू द्या. जिथे एक गाडी दुसरीला टेकली ती जागा जवळून घ्या आणि तिच्या रंगाचा डाग तुमच्या गाडीवर उतरला असेल तर तोही घ्या. विमा कंपनीसाठी नुकसान तपासणारा सर्व्हेअर रंगाची ही देवाणघेवाण हमखास बघतो.

कळंबोली, उलवे, उरण भागात कंटेनरने धडक दिली असेल तर एक गोष्ट विसरू नका. पुढचा घोडा (इंजिन आणि केबिनचा भाग) आणि मागची ट्रॉली यांचे नोंदणी क्रमांक वेगळे असू शकतात, विमाही वेगळा असू शकतो. मागच्या पाटीचा फोटो काढून लोक मोकळे होतात आणि तुम्हाला ठोकलेलं असतं घोड्याने. दोन्ही पाट्या घ्या. ड्रायव्हरच्या लायसन्सचा फोटो घ्या आणि त्याने दिलेल्या मोबाइल नंबरवर तिथल्या तिथे मिस्ड कॉल द्या, म्हणजे नंबर खरा आहे का ते कळतं. एमपरिवहन अॅपमध्ये गाडीचा नंबर टाकला की विमा कंपनी आणि मुदत दिसते. मालकाचं पूर्ण नाव दिसत नाही, ते नंतर पोलिसांच्या कागदांतून मिळतं. त्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी घेऊन ठेवा.

डॅशकॅम असेल तर फाइल लॉक करा किंवा कार्डच काढून खिशात टाका, कारण रेकॉर्डिंग जुन्यावर नवं चढत जातं. पेट्रोल पंप, सोसायटीचं गेट, दुकान इथल्या सीसीटीव्हीचंही तसंच. काही दिवसांत पुसलं जातं. दुकानदार तुम्हाला फुटेज देईलच असं नाही, पण पोलिसांना दिलेल्या अर्जात "अमुक ठिकाणी कॅमेरा आहे, फुटेज जतन करावे" अशी ओळ टाकली तर पुढे उपयोग होतो.

गाडीखाली पाणी किंवा तेल ठिबकतंय का ते वाकून बघा. हे सगळ्यात महागात पडणारं दुर्लक्ष आहे. समोरच्या धडकेत रेडिएटर किंवा कंडेन्सर फुटलेला असतो, इंजिन चालू असतं, म्हणून माणूस रबाळ्याहून कासारवडवलीपर्यंत गाडी दामटतो. वाटेत कूलंट संपून इंजिन तापतं आणि हेड गॅस्केट जातं. कंपनी रेडिएटरचे पैसे देते. इंजिनचे देत नाही. अपघातानंतर गाडी तशीच चालवून वाढवलेलं नुकसान पॉलिसीत बसत नाही. टोइंगला खासगी कारसाठी मूळ पॉलिसीत १,५०० रुपयांपर्यंत मिळतात, रोडसाइड असिस्टन्सचं अॅड-ऑन असेल तर त्यांचीच गाडी येते. टो करूनच न्या.

मांडवली करायची का?

समोरचा बहुतेक वेळा विचारतोच, "साहेब, पोलीस कशाला, दोन-तीन हजार घ्या आणि विषय संपवा." किरकोळ ओरखडा असेल तर त्यात गैर काही नाही. मागून बसलेल्या धडकेत मात्र बंपर फसवा असतो. प्लास्टिकचा असल्याने आत दबून पुन्हा आकारात येतो आणि वरून दोन ओरखडेच दिसतात.

डिकी उघडून आतला गालिचा वर उचला आणि स्टेपनीची खोलगट जागा टॉर्चने बघा. पत्र्याला सुरकुती पडली असेल, सांध्यावरच्या सीलंटला तडा गेला असेल किंवा रंगाचे पापुद्रे सुटले असतील तर धक्का बंपरच्या मागचा बीम ओलांडून टेल पॅनलपर्यंत पोचलेला आहे. डिकीच्या दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का, ती पूर्वीसारखी एका हाताने लागते का, तेही पाहा. यातलं काही बिघडलेलं दिसलं तर दोन-तीन हजारांत काही होणार नाही. काम वीस हजारांच्या पुढे जातं. पुढच्या धडकेत हेडलाइटच्या काचेकडे न बघता मागचे कान, म्हणजे लाइट जागेवर धरणारे हुक बघा. ते तुटलेले असले की काच शाबूत असूनही पूर्ण लाइट बदलावा लागतो.

पैसे घ्यायचेच तर यूपीआयने घ्या आणि शेऱ्यात दोन्ही गाड्यांचे नंबर टाका. "आता माझी काही तक्रार नाही" असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका. तशी सही करून नंतर तुम्ही स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम केलात तर समोरच्याकडून वसुली करण्याचा कंपनीचा हक्क तुम्हीच बुडवलेला असतो, आणि ती त्यावरून क्लेम अडवू शकते. चूक तुमची नसताना सौजन्य म्हणून "सॉरी, माझंही लक्ष नव्हतं" म्हणण्याची सवयही आवरा.

पोलीस ठाणं

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे कोणाला इजा झाली किंवा तिसऱ्या माणसाच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर ड्रायव्हरने शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत पोलिसांना कळवायचं असतं. विमा कंपनीला लेखी कळवण्याची जबाबदारीही त्याच कलमात आहे. कोणी जखमी झालं असेल तर एफआयआरला पर्याय नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आणि १२५ बहुतेक वेळा लागतं. नुसता पत्रा चेपला असेल तर पोलीस सहसा एफआयआर घेत नाहीत, स्टेशन डायरीत नोंद करतात किंवा अदखलपात्र नोंदवतात. त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा आपला अर्ज दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर शिक्का, तारीख आणि नोंदीचा क्रमांक घेऊन या.

साध्या ओन डॅमेज क्लेमला विमा कंपनी सहसा एफआयआर मागत नाही. तरीही समोर ट्रक, बस किंवा टॅक्सी असेल, ठोकणारा पळून गेला असेल किंवा बिल तीसेक हजारांच्या पुढे जाणार असं दिसत असेल तर नोंद करावीच. पुढे न्यायाधिकरणात जायचं ठरलं तर "चूक त्याची" म्हणायला हाच पहिला कागद असतो.

आपल्या ठाणे-नवी मुंबई भागात हद्दीचा घोळ कायमचा. गायमुखच्या घाटात अलीकडे ठाणे पोलीस आयुक्तालय, पलीकडे मीरा-भाईंदर वसई-विरार. वाशीच्या खाडीपुलावर एका बाजूला मुंबई पोलीस, दुसऱ्या बाजूला नवी मुंबई. ऐरोली पुलाची तीच कथा. "ही आमची हद्द नाही" असं ऐकायला मिळालं आणि प्रकरण इजेचं असेल तर झिरो एफआयआर मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द न बघता दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घेण्याची तरतूद आहे.

अर्जात वेळ, ठिकाण, तुम्ही कुठून कुठे चालला होतात, कोणत्या लेनमध्ये, गाडी उभी होती की चालू, आणि समोरच्याने नेमकं काय केलं एवढंच लिहा. "मी अचानक ब्रेक मारला" हे वाक्य लोक सहज लिहून जातात. मागून ठोकणाऱ्याचा वकील पुढे तेच वाक्य मोठ्याने वाचतो. पुढे रिक्षा थांबली म्हणून ब्रेक दाबला असेल तर तसं लिहा. आणि जे इथे लिहिलं तेच क्लेम फॉर्ममध्ये. दोन कागदांत वेळ अर्ध्या तासाने इकडेतिकडे झाली किंवा ड्रायव्हरचं नाव बदललं की फाइल चौकशीला जाते.

सायन-पनवेलवर संध्याकाळी होणाऱ्या साखळी अपघातात मधल्या गाडीवाल्याची सगळ्यात पंचाईत होते. त्याला मागून ठोकलेलं असतं आणि तो पुढच्यावर आदळलेला असतो. पुढचा त्याची कॉलर धरतो, मागचा म्हणतो "तू आधी ठोकलंस, मग मी आलो." हा वाद मिटवणारा साक्षीदार पुढच्या गाडीत बसलेला असतो. त्याला किती धक्के बसले ते विचारा. एकच धक्का बसला असेल तर तुमची गाडी मागच्याने ढकलली. दोन बसले असतील तर पहिला तुमचा. त्याचं हे उत्तर, राग निवळल्यावर का होईना, व्हिडिओवर घ्या. क्लेम फॉर्ममध्ये "मागून धडक बसल्याने गाडी पुढे ढकलली जाऊन पुढील वाहनावर आदळली" असं एकाच घटनेचं वर्णन करा. पुढचा धक्का आणि मागचा धक्का अशा दोन घटना करून लिहिलं तर दोन क्लेम आणि दोनदा वजावट (प्रत्येक क्लेममधून कंपनी कापते ती ठरावीक रक्कम) होण्याची वेळ येते.

इजा झाली असेल तर दवाखान्यात अपघाताची केस म्हणून नोंद करा आणि एमएलसी (मेडिको-लीगल केस) क्रमांक घ्या, मग ते वाशीचं महापालिका रुग्णालय असो की कळव्याचं. मागच्या धडकेत मान दुसऱ्या दिवशी धरते. तरी डॉक्टरला त्याच दिवशी दाखवा. २०२५ मध्ये आलेल्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला नेमून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार कॅशलेस मिळतात. इजेच्या गुन्ह्यात पोलीस गाडी ताब्यात घेऊ शकतात आणि आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक ती तपासतो. ती तपासणी होण्याआधी गॅरेजवाल्याला एक बोल्टही खोलू देऊ नका.

क्लेम करावा की खिशातून द्यावं

आता आकडे. एक साधी हॅचबॅक धरू, १,२०० सीसी, वय तीन वर्षं चार महिने, झिरो डेप (घसारा न कापण्याचं अॅड-ऑन) नाही. मागून ठोकली. एस्टिमेट असं आलं, जीएसटी धरून: मागचा बंपर ६,०००, डिकीचं दार १४,०००, टेल लॅम्प ४,०००, मागची काच ५,०००, लेबर ६,०००, पेंटिंग १२,०००. एकूण ४७,०००.

प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर घसारा सरसकट ५० टक्के. म्हणून बंपरचे ३,००० आणि लॅम्पचे २,००० मिळणार. धातूच्या भागांवर घसारा गाडीच्या वयाप्रमाणे: पहिले सहा महिने शून्य, वर्षापर्यंत ५ टक्के, मग दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५०. आपली गाडी २५ टक्क्यांत, म्हणजे डिकीच्या दाराचे १०,५००. काचेवर घसारा नाही, ५,००० पूर्ण. लेबर पूर्ण. पेंटिंगच्या एकत्र बिलात २५ टक्के रंगसामान धरतात आणि त्याच्या निम्मं कापतात: १२,००० पैकी ३,००० सामान, त्यातले १,५०० गेले, मिळाले १०,५००. बेरीज ३७,०००. त्यातून सक्तीची वजावट, १,५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये, त्यावर असेल तर २,०००. हातात ३६,०००, खिशातून ११,०००. झिरो डेप असतं तर यातले घसाऱ्याचे १०,००० वाचले असते.

एनसीबीचं काय जातं? समजा ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम ८,००० आहे आणि सध्या ३५ टक्के सूट आहे. क्लेम नाही केला तर पुढच्या वर्षी ४५ आणि त्यापुढे कायम ५०. केला तर पुढच्या वर्षी शून्य, मग २०, २५, ३५, ४५ असं पुन्हा चढत जायचं. फरकाची बेरीज केली तर ३,६०० अधिक २,४०० अधिक २,००० अधिक १,२०० अधिक ४००, म्हणजे पाच वर्षांत ९,६००. आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) दरवर्षी उतरते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी. ३६,००० मिळत असतील तर ९,६०० सोडायला हरकत नाही, क्लेम करा.

हाच हिशेब नुसता बंपर गेला असेल तर उलटतो. बंपर ६,०००, पेंटिंग ४,०००, लेबर १,५००: बिल ११,५००. कंपनी देणार ३,००० अधिक ३,५०० अधिक १,५००, वजा १,०००, म्हणजे ७,०००. त्यासाठी नऊ हजारांचा बोनस कोण घालवेल? इथे मांडवलीतून पाच-सहा हजार मिळाले तर ते घेऊन मोकळं होणं शहाणपणाचं.

दुचाकीला सक्तीची वजावट १०० रुपये असते आणि प्रीमियमही लहान, त्यामुळे तिथे बहुतेक वेळा क्लेम परवडतो. अडचण वेगळी असते: नवी गाडी घेताना थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा पाच वर्षांचा मिळतो (कारला तीन), पण ओन डॅमेज एका वर्षाचा. "विमा २०२८ पर्यंत आहे" असं म्हणत लोक फिरत असतात आणि ओन डॅमेज कधीच संपलेला असतो. पॉलिसीच्या कागदावर दोन वेगळ्या तारखा असतात, त्या आजच बघून घ्या.

एनसीबी प्रोटेक्ट अॅड-ऑन असेल तर वर्षात किती क्लेमपर्यंत बोनस टिकतो ते पॉलिसीत लिहिलेलं असतं. रोज सायन-पनवेल किंवा शिळफाटा करणाऱ्याने, माझ्या मते, टायर कव्हरऐवजी हे घ्यावं.

गॅरेज आणि सर्व्हेअर

क्लेमची सूचना त्याच दिवशी द्या, अॅपवर किंवा फोनवर, आणि क्लेम क्रमांक लिहून घ्या. उशीर झाला तर कारण लेखी द्या. खऱ्या कारणाने झालेल्या उशिरावरून चांगला क्लेम नाकारू नये असं आयआरडीएआयने (विमा नियामकाने) कंपन्यांना २०११ मध्येच बजावलं आहे. पण प्रत्यक्षात उशीर झाला की पहिला संशय येतो तो गाडी दुसरीकडेच आपटल्याचा.

कागद फार नसतात: आरसी, अपघाताच्या वेळी चालवणाऱ्याचं लायसन्स, पॉलिसी, क्लेम फॉर्म, गॅरेजचं एस्टिमेट, केवायसी, आणि रीइम्बर्समेंट (आधी बिल तुम्ही भरून मग कंपनीकडून घेणं) असेल तर रद्द केलेला चेक. सेकंड हँड गाडीत हमखास अडकतं ते विम्याचं हस्तांतर. आरसी तुमच्या नावावर झाली तरी विमा आपोआप फक्त थर्ड पार्टीपुरता तुमच्याकडे येतो. ओन डॅमेजसाठी १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. जुन्या मालकाच्या नावावर पॉलिसी आणि नव्याच्या नावावर आरसी असेल तर क्लेम अडतो. नोंद न केलेलं सीएनजी किट आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीने भाडं मारणं ही आणखी दोन नेहमीची कारणं.

५०,००० च्या वरच्या मोटार नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअर लागतो. त्याखाली कंपनी स्वतःच्या माणसाकडून किंवा व्हिडिओ कॉलवरही पाहणी उरकते. व्हिडिओवर बंपरच्या आतलं काही दिसत नाही, म्हणून बंपर उतरवल्यानंतर दुसरी पाहणी हवी असं सुरुवातीलाच सांगा. खोलल्यावर जास्तीचं नुकसान निघालं तर गॅरेजने पुरवणी एस्टिमेट पाठवून मंजुरी घ्यायची असते. ती घेण्याआधी भाग बदलला आणि जुना भाग भंगारात गेला तर त्याचे पैसे विसरायचे. बिल मंजूर होईपर्यंत जुने सुटे भाग गॅरेजमध्येच राहिले पाहिजेत.

सर्व्हेअर आला की शक्य असेल तर हजर राहा. "बदल" आणि "दुरुस्ती" या दोन शब्दांवर सगळं अडतं. डिकीचं दार ठोकून सरळ करता येईल असं तो म्हणेल, गॅरेज म्हणेल नवंच लागेल. दाराच्या आतल्या फ्रेमला घडी पडली असेल तर नवं मागणं रास्त. नुसता बाहेरचा पत्रा दबला असेल तर सर्व्हेअरचं बरोबर आहे. त्याला जुने ओरखडे दाखवून "हेही घ्या ना" म्हणू नका. गंज चढलेला ओरखडा त्याला लांबून कळतो, आणि मग खऱ्या नुकसानीकडेही तो त्याच नजरेने बघतो.

कॅशलेसमध्ये कंपनी गॅरेजला मंजुरीचा आकडा पाठवते, वरचा फरक तुम्ही भरता. सॅटिस्फॅक्शन व्हाउचरवर, म्हणजे काम नीट झाल्याच्या कागदावर सही करण्याआधी मंजुरीपत्र आणि अंतिम बिल ओळीओळीने जुळवा. बिलात नवा टेल लॅम्प आणि गाडीवर जुनाच पॉलिश केलेला, असं होतं. पार्किंग सेन्सर, रिव्हर्स कॅमेरा, डिकीचं सेंट्रल लॉकिंग गॅरेजमध्येच तपासा. बंपरवर रडार किंवा काचेमागे कॅमेरा असलेल्या गाडीला भाग बदलल्यावर कॅलिब्रेशन लागतं. ते एस्टिमेटमध्ये आधीच घालायला सांगा, नंतर कोणी देत नाही.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला तर गाडी टोटल लॉस धरतात. कर्ज असेल तर ती रक्कम आधी बँकेकडे जाते.

समोरच्याकडून वसुली

तुमच्या कंपनीने पैसे दिले तरी खिशातून गेलेले ११,०००, टोइंगचा वरचा खर्च आणि गाडी गॅरेजमध्ये असतानाचं टॅक्सीभाडं समोरच्याकडे मागता येतं. स्वतःच्या कंपनीकडून मिळालेली रक्कम मात्र दाव्यात सांगावी लागते. एकाच नुकसानीचे दोनदा पैसे नाहीत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा दावा अपघात झाला तिथल्या, तुम्ही राहता तिथल्या किंवा प्रतिवादी राहतो तिथल्या न्यायाधिकरणात करता येतो. म्हणजे अपघात लोणावळ्याला झाला तरी ठाणेकराला ठाण्यात दावा लावता येतो. ड्रायव्हर, मालक आणि त्याची विमा कंपनी असे तिघेही प्रतिवादी करायचे. मालमत्तेच्या नुकसानीसाठी समोरच्याच्या पॉलिसीत सहसा साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. काही मालक प्रीमियम वाचवायला ही मर्यादा ६,००० वर आणून ठेवतात; तसं असेल तर वरची रक्कम मालकाच्या खिशातून. परिवहन उपक्रमाच्या बसला विम्यातून सूट असू शकते, मग दावा थेट उपक्रमावर. समोरच्याचा विमाच संपलेला असेल तरी दावा बाद होत नाही, फक्त वसुलीला एकटा मालक उरतो.

कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने या दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण तुम्ही सहा महिनेच धरून चाला.

अकरा हजारांसाठी वकील लावणं परवडत नाही, हे स्पष्टच सांगतो. तिथे मालक आणि त्याची विमा कंपनी या दोघांना बिलांच्या प्रतींसह स्पीड पोस्टने नोटीस पाठवावी. एक-दोन गाड्या असलेला ट्रकमालक कोर्टाच्या तारखा टाळण्यासाठी तडजोडीला येतो, मोठा वाहतूकदार सहसा येत नाही. तुमच्याकडे फक्त थर्ड पार्टी विमा असेल, गाडी टोटल लॉस झाली असेल किंवा कोणाला इजा झाली असेल तर मात्र दावा लावाच. मालमत्तेचे आणि किरकोळ इजेचे दावे लोकअदालतीत ठेवायला वकिलाला सांगा. विमा कंपन्या तिथे आकडा सोडायला तयार असतात.

स्वतःच्याच कंपनीने अडवलं तर

आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे सर्व्हेअरने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि तो मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीने निर्णय घ्यायचा. म्हणून "सर्व्हे रिपोर्ट आला का" हे फोनवर न विचारता ईमेलवर विचारा आणि रिपोर्टची प्रत मागा. कपात कुठल्या कलमाखाली केली हे लेखी आल्याशिवाय तक्रारीला पाय नसतात. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या हेल्पलाइनवर. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात. कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. ठाणे-नवी मुंबईकरांनी तक्रार पाठवण्याआधी आपला पत्ता कोणत्या कार्यालयाच्या हद्दीत येतो ते लोकपालांच्या संकेतस्थळावर बघून घ्यावं, मुंबईच्या कार्यालयात टाकून मोकळं होऊ नये.

नूतनीकरणाला दुसऱ्या कंपनीकडे जात असाल तर फॉर्ममधला "मागच्या वर्षी क्लेम केला होता का" हा रकाना एजंटला भरू देऊ नका. क्लेम झालेला असताना एजंट स्वस्त दाखवायला तिथे "नाही" टाकतो, ४५ टक्के सूट लागते, आणि नवी कंपनी जुनीकडून खातरजमा करते ती सहसा तुमचा पुढचा क्लेम आल्यावर.